वर्गात कांजिण्या आल्या तर तारखेसकट कळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्यात म्हणून आत्ताच लिहितेय, दिवाळीनंतर लिहून काही उपयोग नाही. माझ्या भावाच्या मुलाला ब्लड कॅन्सर झालाय, वय वर्षं पाच. डॉक्टर लोक अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया म्हणतात, वॉर्डातल्या सगळ्या आया नुसतं एएलएल म्हणतात. लहान मुलांमध्ये जे कॅन्सर होतात त्यात हाच सगळ्यात जास्त, आणि तोही दोन ते पाच वर्षांच्या पोरांना जास्त. आता तो मेंटेनन्सवर, म्हणजे घरी राहून औषधं घ्यायच्या लांब टप्प्यात आहे, काऊंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) बरे आहेत, डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलंय की शाळेत पाठवा. तर हे पत्र सहानुभूतीसाठी नाहीये, ती एवढी मिळाली की वहिनीच्या फ्रीजमध्ये सफरचंदं ठेवायला जागा उरली नव्हती.

लोकांची समजूत अशी असते की कॅन्सर म्हणजे अ‍ॅडमिट, केमो, केस गेले, आणि मग एकतर बरा नाहीतर... पुढचं कोणी बोलत नाही. पण एएलएलची ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते हो. त्यातले पहिले काही महिने खूप जड जातात, बोन मॅरोची तपासणी, पाठीतली इंजेक्शनं, डे केअरला सकाळपासून नंबर लावून बसणं, मध्येच ताप आला की परत अ‍ॅडमिट. त्यानंतरचा मोठा काळ पोरगं घरीच असतं. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, ही दोन्ही केमोचीच औषधं, दर थोड्या दिवसांनी सीबीसी ही रक्ततपासणी आणि काऊंट बघून डोस खाली-वर. वहिनीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर शुक्रवारला लाल गोल करून ठेवलाय, त्या चौकोनात आधी दुधाचा हिशोब असायचा, आता दुधाचा हिशोब मागच्या पानावर गेला. गोळी चुकत राहिली तर आजार उलटायचा धोका वाढतो, त्यामुळे मुलगा खेळताना दिसला तरी ट्रीटमेंट चालूच आहे हे घरातल्या पाहुण्यांना पण शंभरदा सांगावं लागतं. (आणि हे मेथोट्रेक्सेट ज्यांच्या टीमने अमेरिकेत तयार केलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्याच देशातले, आंध्रातल्या भीमावरमचे. मुलांचा ल्युकेमिया औषधाने काही काळ तरी थोपवता येतो हे 1948 साली बोस्टनमध्ये पहिल्यांदा दिसलं तेही त्यांच्याच टीमच्या औषधाने, आणि त्याच वर्षी ते गेले. शाळेच्या पुस्तकात हे नाव मला तरी कधी दिसलं नाही.)

सांगायचा मुद्दा हा की एवढी दोन वर्षं मूल हॉस्पिटलात कमी आणि आपल्यात जास्त असतं. आपल्या लिफ्टमध्ये, आपल्या ट्रेनमध्ये, आपल्या पोरांच्या बेंचवर. श्रीमंत देशांत या आजाराची दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात. आपल्याकडे एवढी होत नाहीत, आणि कारण औषध वेगळं आहे असं नाही, औषधं बरीचशी तीच आहेत. निदान उशिरा होतं, ट्रीटमेंट अर्ध्यावर सुटते, आणि केमोने प्रतिकारशक्ती घटलेली असताना इन्फेक्शनने मुलं जातात. पहिल्या दोन गोष्टींवर सरकार, टाटा हॉस्पिटल, संस्था बरंच करतायत, उपचारांच्या खर्चासाठी महात्मा फुले योजना आहे, परळला पेडियाट्रिक वॉर्डात मदत करणारी माणसं आहेत, खारघरला टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक झाल्यापासून नवी मुंबईवाल्यांची थोडी सोय झाली. इन्फेक्शनचं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे आणि तिथेच गडबड होतेय.

फेब्रुवारीत काय झालं ते सांगते, शाळेचं नाव घेत नाही, कारण बहुतेक शाळा असंच करतात. भाचा नुकताच परत शाळेत जायला लागला होता. वहिनीने आधीच जाऊन प्रिन्सिपल मॅडमना भेटून सगळं सांगितलं होतं, डॉक्टरांचं पत्र दिलं होतं. त्याच्या शेजारी बसणारा मुलगा यायचा बंद झाला. टीचरला विचारलं तर म्हणे व्हायरल आहे. मग शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी सहज बोलता बोलता सांगितलं की अहो त्याला कांजिण्या आल्यात, चार दिवस झाले, त्याच्या आईने शाळेत पहिल्याच दिवशी फोन करून कळवलंय. म्हणजे त्या बाईने आपलं काम चोख केलं होतं, पुढे ऑफिसमध्ये ठरलं की पालकांमध्ये पॅनिक नको. दादा-वहिनी तसेच पोराला घेऊन हॉस्पिटलात पळाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शेवटचा एकत्र कधी बसला होता? तारीख कोणालाच सांगता येईना. वहिनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून टीचरला फोन लावतेय आणि पलीकडून उत्तर येतंय, मॅडम मस्टर बघून उद्या सांगते.

औषध सुरू केलं, त्याला काही झालं नाही, पण जूनपर्यंत शाळा बंद.

तुमच्या-माझ्या घरी कांजिण्या म्हणजे आठवडाभर कडुनिंबाचा पाला आणि सुट्टी. केमो घेणाऱ्या मुलाला त्या फुफ्फुसात, लिव्हरमध्ये उतरू शकतात, जीवावर बेतू शकतं. आणि गंमत अशी (गंमत कसली) की कांजिण्यांची लस त्याला केमो चालू असताना देता येत नाही, कारण त्या लशीत जिवंत विषाणू असतो, म्हणून बाकीच्यांनी ती घेतलेली असणं हीच त्याची लस. आपल्याकडे कांजिण्यांची लस सरकारच्या मोफत यादीत नाही, पैसे भरून घ्यावी लागते, त्यामुळे वर्गात बिन लशीची भरपूर मुलं असतात. त्यात फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून कांजिण्या दुसऱ्याला लागायला सुरुवात होते आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागत राहतात. पण संपर्क आल्याचं लवकर कळलं तर औषधाने, इंजेक्शनने बचाव करता येतो. लवकर म्हणजे पहिल्या काही दिवसांत, व्हॅनवाल्या काकांना आठवेल तेव्हा नाही.

उलट बाजूनेही सांगते. कॅन्सर लागत नाही. त्याच्याशेजारी बसून, त्याच्या पेन्सिलीने लिहून कोणाला काही होत नाही. हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं, पण आमच्या सोसायटीत एका शिकलेल्या बाईंनी स्वतःच्या मुलीला त्याच्यापासून ओढून घेतलेलं मी पाहिलंय, आणि त्याच बाई सर्दी झालेली असताना त्याला बघायला घरी आल्या होत्या.

बघायला येणाऱ्यांवर तर वेगळं पत्र होईल. स्टिरॉइडने, म्हणजे त्या डेक्सा की काय त्याने, मुलाचा चेहरा गोल गरगरीत होतो, पोट सुटतं, भूक अशी लागते की हा रात्री दोन वाजता वरणभात मागायचा आणि मिळेपर्यंत रडायचा. लोक म्हणतात, अरे वा तब्येत सुधारली! एका काकांनी तर कुंडीतल्या सदाफुलीची पानं आणून दिली, रस काढून द्या म्हणून, नेटवर वाचलं होतं त्यांनी. वाचलेलं अर्धं खरं आहे, विनक्रिस्टिन हे औषध सदाफुलीतूनच येतं आणि तेच त्याला शिरेतून चढतं, पण ते शुद्ध करून, वजन-उंची बघून मिलिग्रॅममध्ये मोजून. झाड विषारी आहे हो, पानं चावून कॅन्सर जात नाही. काकांचा हेतू चांगला होता, पानं दादाने कचऱ्यात टाकली आणि त्यांना थँक्यू म्हणाला.

त्याच गोल चेहऱ्यामुळे ट्रेनमध्ये पण ऐकावं लागतं. कोपरखैरणेहून ठाणे आणि ठाण्याहून स्लो पकडून परळ, एवढ्या प्रवासात गर्दीच्या डब्यात त्याला नेणं शक्यच नाही. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, नियम आहे, कागद पण असतो जवळ. तरी रोज कोणीतरी विचारणार, याला काय झालंय, हा तर ठणठणीत दिसतोय, उतरा. वहिनी आता वाद घालत नाही, त्याची टोपी काढते. हे पोराला कळायला लागलंय, परवा मुलुंडला गाडी थांबली आणि त्याने स्वतःहूनच टोपी काढली.

आणि मे महिन्यात तुमच्या पेपरात रक्तटंचाईची बातमी दरवर्षी येते, त्यात एक ओळ वाढवा ही विनंती. टंचाई प्लेटलेटचीही असते, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची, केमोत त्या घटतात आणि बाहेरून चढवाव्या लागतात. रक्ताची पिशवी महिनाभर टिकते, प्लेटलेट पाचच दिवस, त्यामुळे जानेवारीत मोठं शिबिर घेऊन मेसाठी साठवून ठेवता येत नाहीत. त्या त्याच आठवड्यात कोणीतरी येऊन द्याव्या लागतात, आणि तेव्हा अर्धी मुंबई-ठाणे गावाला असते. मशीनवर तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, प्लेटलेट वेगळ्या निघतात आणि बाकीचं रक्त परत अंगात जातं. रक्त दिल्यावर तीन-चार महिने थांबावं लागतं तसं इथे नाही, थोड्याच दिवसांत परत देता येतात. पहिल्या जड महिन्यांत दादाच्या रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीतली पोरं शिफ्ट संपवून यायची, म्हणून निभावलं. ज्याला अशी कंपनी नाही, जो अकोल्याहून, धाराशिवहून पोराला घेऊन एकटा आलाय, त्याने कोणाला फोन लावायचा?

असो. मागणी एकच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. नवी मुंबई आणि ठाणे महापालिकेच्या शिक्षण विभागांनी सगळ्या शाळांना, खाजगी पण आल्या त्यात, एक पत्रक काढावं की वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी त्या वर्गाच्या पालकांना कळवायचं. मुलाचं नाव द्यायचं नाही, त्या आईला कोणी बोलायला नको. ‘वर्गातल्या एका विद्यार्थ्याला कांजिण्या आल्या आहेत, तो शाळेत शेवटचा सोमवारी आला होता,’ एवढं ग्रुपवर टाकलं तरी पुरे. सोमवार लिहायला मात्र विसरू नका, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

आपली,
एक आत्या, कोपरखैरणे