दिल्लीहून आलेलं कोडं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

‘इंडियन प्रॉब्लेम’ या बुद्धिबळाच्या कोड्याचं नाव ऐकून ते आपल्या जुन्या बुद्धिबळातलं काही आहे का, असं तू विचारलं होतंस. नाही. आपल्याकडे डावांच्या मांडण्यांची स्वतंत्र आणि जुनी परंपरा आहे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद छापला गेला, तो त्या परंपरेतला. हे कोडं मात्र युरोपीय नियमांनी रचलेलं आहे आणि रचणारा होता रेव्हरंड हेन्री ऑगस्टस लव्हडे, दिल्लीतला इंग्रज धर्मोपदेशक. ते पत्राने दिल्लीहून लंडनला गेलं, म्हणून त्याला ‘इंडियन’ हे नाव पडलं.

फेब्रुवारी १८४५ मध्ये इंग्रज बुद्धिबळपटू हॉवर्ड स्टॉन्टनच्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ या मासिकात ते छापून आलं. खाली नाव होतं ‘शागीर्द’. स्वतःचं नाव न देता शिष्य म्हणवून घेणाऱ्या या माणसाला पुढे फार आयुष्य मिळालं नाही. तो १८४८ साली वारला. आज त्याचं नाव टिकून आहे ते जवळजवळ या एका कोड्यामुळेच.

पट मांडून बस, नुसतं वाचून यातली गंमत कळणार नाही. मूळ कोडं चार चालींत मात असं आहे. त्यात वजिराच्या बाजूची, म्हणजे पटाच्या डावीकडची, प्यादी केवळ चाली मोजण्यापुरती आहेत, म्हणून मी ती कमी करून तीन चालींचं सोपं रूप देतो. घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि त्याच्या बाजूने आडव्या रांगा १ ते ८. पांढरा: राजा ए१, हत्ती डी१, उंट जी२ आणि एच६, प्यादी बी३, एफ२, जी४. काळा: राजा ई४, घोडा एफ३, प्यादी बी५, ई५. चाल पांढऱ्याची.

आधी काळ्या राजाची कोंडी नीट बघ. डी पट्टी हत्तीने अडवली आहे. ई३ वर एफ२ च्या प्याद्याचा मारा आहे, एफ५ वर जी४ च्या प्याद्याचा. एफ४ वर एच६ च्या उंटाचा डोळा आहे. घोडा जी२ च्या उंटाने जखडलेला, हलला तर मागच्या राजाला शह बसेल, त्यामुळे हलूच शकत नाही. ई५ चं प्यादं स्वतःच्याच राजामागे अडकलंय. काळ्याकडे एकच चाल शिल्लक आहे: बी५ वरून बी४. ती संपली की राजाला शह नाही आणि चालही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. पांढऱ्याची खरी अडचण हीच आहे. कोंडी इतकी पक्की झालीय की ती थोडी सैल करावी लागणार, आणि सैल केलेल्या त्याच जागेत मात द्यावी लागणार.

उत्तर असं. पहिली चाल, उंट एच६ वरून थेट सी१. काळा बी४. दुसरी चाल, हत्ती डी२. आता हत्ती आपल्याच उंटाच्या वाटेत उभा राहिला, एफ४ वरचा मारा तुटला आणि काळ्याला राजा एफ४ वर न्यावाच लागतो. तिसरी चाल, हत्ती डी४: हत्तीचा शह आडव्या रांगेतून, उंटाचा शह मागून उघडलेला. ई५ चं प्यादं किंवा आता मोकळा झालेला घोडा, दोघांनाही हत्ती मारता येतो, पण उंटाचा शह तसाच राहतो. म्हणून मात.

खरी करामत आहे पहिल्या चालीत. उंट सी१ वर जाऊन नवीन काहीच धरत नाही, एफ४ वर त्याचा मारा आधीही होताच. तो जातो फक्त डी२ हे घर ओलांडून पलीकडे बसण्यासाठी, म्हणजे नंतर हत्तीला मध्ये येता येईल. उंट एच६ वरच ठेवून हत्ती डी२ वर नेलास तर काहीच सैल होत नाही. बी४ झालं की कोंडी तशीच राहते. शिवाय आता सी१ ची वाटही हत्तीनेच बुजवलेली असते. उंट डी२ वरच थांबवलास तर हत्तीची पट्टी बंद होते आणि राजा डी पट्टीवरून निसटतो. म्हणजे सी१ शिवाय दुसरं घर नाही.

मूळ रचनेत दोष आहे, तो लपवायला नको. तिथे पांढऱ्याकडे एक चाल जास्तीची आहे. ती नुसती वाट पाहण्याची, आणि ती आधी केली काय, मधे केली काय, मात होतेच. आजच्या कसोटीला उत्तराचा क्रम एकच हवा, म्हणून कोड्यांच्या स्पर्धेचा परीक्षक असं कोडं परत पाठवेल. तरीही माझ्या मते त्या शतकातल्या बिनचूक पण निर्जीव अशा शेकडो कोड्यांपेक्षा हे मोठं आहे, कारण कल्पना अस्सल आहे.

तिचं मोल पुरतं कळायला अर्धं शतक जावं लागलं. १९०३ साली योहानेस कोट्स आणि कार्ल कॉकेलकॉर्न या जर्मन जोडीने या एका कोड्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. ओलांडलेल्या घराला त्यांनी ‘निर्णायक घर’ म्हटलं, ओलांडणाऱ्या चालीला ‘निर्णायक चाल’. चालीमागे हेतू एकच असावा, त्यात दुसरा फायदा मिसळू नये, ही कसोटी त्यांनी लावली आणि त्यातूनच कोडी रचणाऱ्यांचा नवजर्मन संप्रदाय उभा राहिला. त्याआधीच ग्रिमशॉ (१८५०), नोवोत्नी (१८५४), टर्टन (१८५६) आणि प्लाखुट्टा (१८५८) या कोडी रचणाऱ्यांनी मोहऱ्यांची वाट अडवण्या-सोडण्याचे आपापले प्रकार शोधले होते. टर्टनची योजना तर याच्या उलट आहे: एक मोहरा मागे सरकतो आणि दुसरा त्याच्या पुढे येऊन त्याच रेषेवरून चढाई करतो.

तुला स्वतः रचायचं असेल तर शेवटून सुरुवात कर. मातेची स्थिती आधी मांड आणि एकेक चाल मागे जा. मग प्रत्येक प्यादं उचलून विचार, हे नसेल तर काय बिघडतं? एफ२ काढलंस तर शेवटी राजा जी३ वर पळतो. जी४ काढलंस तर एफ५ मोकळं होतं. बी३ काढून बघ आणि काळ्याच्या प्याद्याला आणखी किती चाली मिळतात ते मोजून मला कळव.

तुझा,
जुना मित्र