दप्तर पाठवते आहे

चिपळूण,
मे महिन्याची अखेर

चि. बायोस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, सांगलीत घर छान मिळालंय, फक्त तळमजला आहे." त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी माळ्यावर चढून तुझं दहावीचं निळं दप्तर खाली काढलं. धुतलं, दोन दिवस उन्हात टाकलं, पट्टे उसवून नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवण मारून पुन्हा बसवले. आता ते भरून तयार आहे. सांगलीला जाणारं ओळखीचं माणूस आहे, त्यांच्या हाती देते. आत काय आहे आणि कशासाठी, हे फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

22 जुलै 2021 ची गोष्ट तुला माहीत आहे, पण अर्धीच. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे वाशिष्ठीचं पाणी दुकानाच्या पायरीला लागलं, तेव्हा आम्ही 2005 चं पाणी आठवून अंदाज बांधला. मशीन टेबलावर चढवली, कापडाचे तागे माळ्यावर टाकले आणि एवढ्यावर भागेल असं धरून चाललो. भागलं नाही. पाणी गुडघ्याला आलं म्हणेपर्यंत कमरेला लागलं. वरच्या शेजाऱ्यांकडे गेलो आणि तिथे बसल्यावर एकेक वस्तू आठवायला लागली. बाबा कागदांचा डबा आणायला खाली गेले, आले. चष्मा राहिला म्हणून पुन्हा गेले, आले. मग त्यांच्या बीपीच्या गोळ्या आठवल्या.

तिसऱ्या वेळी पाणी छातीला होतं. ते स्वयंपाकघरात शिरले आणि मागून फ्रिज पाण्यावर तरंगत आला, आडवा झाला आणि चौकटीत अडकला. फ्रिज तरंगतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाबा आत कोंडले गेले. वरच्या शेजाऱ्यांचा मुलगा कमरेला साडी बांधून उतरला. दोन साड्यांची गाठ मी मारली होती आणि एक टोक माझ्या हातात होतं. ती पाच-सात मिनिटं मी जिन्यावर उभी राहून फक्त त्या गाठीकडे बघत होते. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुठीत गोळ्यांची पट्टी होती. हे तुला आजवर सांगितलं नाही, कारण बाबांनी नको म्हटलं होतं. आज त्यांना विचारूनच लिहिते आहे.

तेव्हा दप्तर कशासाठी, तर एकदा घराबाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा पाण्यात उतरावं लागू नये म्हणून. भरताना मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचार केला, ही राहिली तर कोणी मागे फिरेल का? फिरणार असेल तर ती दप्तरात. बाकी सगळं वाहून गेलं तरी चालेल. माझी शिवणाची मशीन गेली, दुसरी घेतली.

छोटीची गोधडी म्हणून आत आहे. तुझ्याकडे आहे तिच्याच कापडातली, माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची, निम्म्या आकाराची दुसरी शिवली. ती गोधडीशिवाय झोपत नाही हे मला माहीत आहे, आणि रडणाऱ्या लेकरासाठी तू कुठेही उतरशील हेही माहीत आहे. आठ दिवस ती तिच्या अंथरुणात ठेव, म्हणजे घरचा वास लागेल, मग दप्तरात घाल.

गोळ्या मी घालू शकत नाही, त्या तुझ्या तू घाल. सगळ्यांच्या आठवड्याच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. विहीणबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, ते आधीपासून भरून ठेवता येत नाही. त्यासाठी रुंद तोंडाचा छोटा थर्मास रिकामाच ठेवला आहे. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात "इन्सुलिन" असं लिहून चिकटव, म्हणजे घाईत कोणीही उचलेल. बर्फाला चिकटू देऊ नकोस, गोठलं की वाया जातं. बर्फ नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचं. त्यांच्या सुया आणि साखर कमी झाली तर चघळायला गूळ, हेही विसरू नकोस.

पाणी शिरतं ते चेनमधून आणि शिवणीच्या भोकांतून, हे शिंपिणीला सांगावं लागत नाही. बाहेरून शिवणीवर मेणबत्ती घासली आहे, पण तिच्यावर विसंबू नकोस. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आहे. तिचं तोंड पिळायचं, पीळ उलटा दुमडायचा आणि दोरीने करकचून बांधायचं. मी आपल्या हौदात बुडवून पाहिलं, आतलं वर्तमानपत्र कोरडं राहिलं. थोडी हवा आत राहू दे, दप्तर हातातून सुटलं तरी तरंगेल. मागे केशरी कापडाची पट्टी लावली आहे, लांबून दिसावी म्हणून. बाजूच्या कप्प्यात शिट्टी आहे. ओरडून घसा बसतो, शिट्टीला दम कमी लागतो.

कागदांच्या प्रती तू कर: आधार, रेशन कार्ड, लाइट बिल, पासबुकाचं पहिलं पान, छोटीचं लसीकरणाचं कार्ड. आमचं पासबुक दुकानाच्या ड्रॉवरमध्ये लगदा झालं होतं आणि पंचनाम्यानंतर मदतीच्या यादीत खातं क्रमांक द्यायला बाबांना चार खेपा पडल्या. फोटो मोबाइलमध्ये असू देत, पण वीज गेल्यावर मोबाइलचा भरवसा नाही. दोन हजार रुपये घातले आहेत, सगळे 10, 20, 50 आणि 100 चे. पूर ओसरल्यावर एटीएम बंद, फोन बंद, आणि 500 ची नोट कोणी मोडून देईना.

खायला सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. सातूला चूल लागत नाही, पाण्यात कालवलं की झालं. तुमच्याकडची भडंग घाल, पण घट्ट पिशवीत. प्यायचं पाणी दोनच लिटर भर. माणशी दिवसाला तीन-चार लिटर लागतं खरं, पण तेवढं ओझं आणि कडेवर छोटी घेऊन तुला जिना चढवणार नाही. म्हणून पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली दिली आहे. बाटलीवरच्या मापाने थेंब टाकायचे, ढवळायचं, अर्धा तास थांबायचं. ओआरएसच्या पुड्या आहेत. पुराच्या पाण्यातून चालणं झालंच तर नंतर आरोग्य केंद्रात लेप्टोच्या, म्हणजे त्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्यांचं विचार, पण तू अजून पाजतेस, तेव्हा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नकोस. टॉर्चचे सेल वेगळे ठेवले आहेत, आत राहिले की पाझरतात. पॅड, छोटीचे दोन कपडे, विहीणबाईंचा जुना चष्मा तुझ्याकडून. भरून झालं की पाठीवर घेऊन गच्चीपर्यंत चढून बघ. धाप लागली तर काहीतरी काढ.

तुझ्या लग्नाच्या वेळी नकाशा बघताना बाबा म्हणाले होते, एकच कोयना दोन्ही घरांना आहे. कोयनेच्या पाण्यावर पोफळीला वीज होते आणि ते पाणी कोळकेवाडीहून आपल्या वाशिष्ठीत येतं. धरणातून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून तुमच्याकडे येतं. पण दोन्हींची रीत वेगळी आहे. आमचं पाणी रात्रीत येतं. तुमचं फुटाफुटाने चढतं आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते. तुमच्या आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे पाठ असूनही लोक आज एवढे झाले, उद्या उतरेल म्हणत बसतात. 2019 ला ते 57 च्या वर गेलं. तेव्हा ब्रह्मनाळला माणसं बोटीत बसली आणि बोटच उलटली. बोटीपर्यंत वेळ येऊ देऊ नकोस. 35 फूट झाले की दप्तर दाराशी आण. 40 झाले की विहीणबाई आणि छोटीला घेऊन उंचावरच्या नातेवाइकांकडे जा. निघताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद. पाणी नाहीच आलं तर चार दिवस पाहुणचार घेऊन परत ये, त्यात कमीपणा काही नाही. जावईबापूंनाही हे पत्र वाचायला दे. ते सामान वर चढवायला मागे थांबतील अशी मला धास्ती आहे.

माझी आई 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर मरेपर्यंत उशाशी गाठोडं घेऊन झोपायची. आम्ही तिला थांबवायचो. गाठोडं दर दिवाळीला सोडून ती पुन्हा बांधायची. तू मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा दप्तर उघड. खाऊ खाऊन टाका, नवा भरा, गोळ्यांच्या तारखा बघा, छोटीचे कपडे वाढत्या मापाचे घाला.

एक शेवटचं. त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर एकाच्या फोनला रेंज आली. त्याने फोन माझ्या हातात दिला. तू पुण्यात होस्टेलवर, आमचं काय झालं म्हणून वेडीपिशी झालेली, आणि मला तुझा नंबर पाठ नव्हता. माझ्या बुडालेल्या मोबाइलमध्ये तो "बायो" या नावाने होता. मी फोन परत दिला. दोन दिवसांनी आपलं बोलणं झालं.

दप्तराचं झाकण उघड आणि आतून बघ. लाल दोऱ्याने तीन नंबर भरले आहेत, बाबांचा, माझा आणि जावईबापूंचा. दप्तर हाती पडलं की मला फोन कर. नाव शोधून नको, त्या भरतकामावरून एकेक आकडा दाबून कर. मी वाट बघते.

तुझी,
आई