पीएसए उतरला म्हणजे रोग मुळासकट गेला, असे नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘प्रोस्टेट कर्करोगाच्या मुळावरच घाव’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. कर्करोगाच्या मूळपेशींवरील औषधाचा तो प्रयोग उंदरांवरचा आहे, हे शेवटच्या परिच्छेदात कळते. तिथवर पोहोचण्याआधीच आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरील दोघांनी ‘हे औषध पुण्यात मिळेल का’ म्हणून मला फोन केला. मलाच का, तर माझे वडील याच आजाराने गेले.

त्यांच्या पीएसए चाचणीचे कागद अजून माझ्या कपाटात आहेत. पीएसए म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन; रोग वाढला की सहसा हा आकडा वाढतो. निदानाच्या वेळी 112. वृषण काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी 0.4. त्या दिवशी घरी पेढे आले. पुढे 0.9, मग 2.6, मग 11. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे या रोगाला पोसणारे पुरुष संप्रेरक, तर तळालाच होते. रसद तोडल्यावरही शत्रू वाढतो कसा, हे तेव्हा उमगले नाही.

पुरुष संप्रेरकाची रसद तोडली की हा रोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये शिकागोत दाखवले आणि त्यासाठी त्यांना 1966 चे नोबेल मिळाले. मात्र शरीरभर पसरलेला रोग बहुतेकदा दोन-तीन वर्षांत या उपचाराला दाद देईनासा होतो. त्याच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे कर्करोगाच्या मूळपेशी (स्टेम सेल), ज्यांच्यापासून गाठ पुन्हा उभी राहू शकते. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये रुग्णांच्या गाठींतून अशा पेशी वेगळ्या केल्या, तेव्हा त्यांचे प्रमाण हजारात एक इतकेच भरले. या पेशींमध्ये संप्रेरकाचा संदेश घेणारा रिसेप्टर जवळजवळ नसतोच, त्यामुळे संप्रेरक बंद झाल्याचे त्यांना सोयरसुतक नसते. त्या सावकाश विभाजित होतात, म्हणून विभाजनाच्या वेळी पेशीला गाठणारे डोसिटॅक्सेलसारखे केमोथेरपीचे औषध त्यांच्यावरून निघून जाते. जे आत शिरते, तेही पेशीच्या आवरणातील पंप बाहेर फेकतात. शिवाय पीएसए तयार करण्याचा हुकूम त्याच रिसेप्टरमार्फत सुटत असल्याने या पेशी रक्तचाचणीत फारशा दिसतच नाहीत. आमचा 0.4 हा आकडा खोटा नव्हता; तो ज्यांची मोजदाद करत होता, त्या पेशी खरोखरच मेल्या होत्या.

तरीही ‘मूळ सापडले, आता उपटायचे’ इतके हे सरळ नाही. शेतकरी वाचकांना लव्हाळा चटकन आठवेल, पण लव्हाळ्याच्या पात्याचा पुन्हा गड्डा होत नाही. इथे मात्र औषधाच्या माऱ्याखाली साधी कर्कपेशीही मूळपेशीचे गुण धारण करू शकते. रिसेप्टर स्वतःच बदलतो आणि संप्रेरकाविना चालू राहतो, किंवा गाठ आपले संप्रेरक आपणच बनवू लागते, ही कारणे वेगळीच. ॲबिराटेरॉन आणि एन्झाल्युटामाइड ही औषधे त्यांतील काहींवर चालतात आणि त्यांनी रुग्णांना मोलाचे महिने, कधी वर्षे दिली आहेत. उंदरांबद्दल म्हणाल, तर मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगामध्ये फार विरळ मानल्या गेलेल्या गाठ रुजवणाऱ्या पेशी, अधिक दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरताच चारांत एक निघाल्या. हे 2008 चे संशोधन. पेशी कर्करोगाच्याच होत्या. बदलले होते ते मुख्यतः उंदीर.

फोन करणाऱ्यांपैकी एकाने नातवाची साठवून ठेवलेली नाळेची मूळपेशी आजोबांना चालेल का, असेही विचारले. नाळेतील मूळपेशी निरोगी, आणि वर सांगितलेल्या कर्करोगाच्या; नाव सारखे असल्याने झालेला हा गोंधळ आहे, आणि ‘स्टेम सेल उपचारां’च्या जाहिराती त्यावरच पोसल्या जातात.

म्हणून विनंती एवढीच, की अशा बातमीच्या पहिल्याच वाक्यात प्रयोग काचेच्या बशीतील पेशींवर, उंदरांवर की माणसांवर झाला, आणि माणसांवर असेल तर चाचणी कोणत्या टप्प्यात आहे, हे छापावे. आमच्या कट्ट्यावर वृत्तपत्र मोठ्याने वाचले जाते, आणि बहुतेक वेळा पहिला परिच्छेद संपेपर्यंत चहा आलेला असतो.

आपला नियमित वाचक,
सातारा