भरतीच्या वेळी फोन कर

भडगाव, जि. जळगाव
दि. १२ जून

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियातल्या त्या बेटावर न्यायच्या सामानाची तुझी यादी मिळाली. मोबाइलवर बारीक दिसत होती म्हणून झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली, चार पानं निघाली. तुझ्या आईने चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, "हा मासे धराले चालना का बिऱ्हाड हलवी राह्यना?" मी काही बोललो नाही, पण माझ्याही मनात तेच होतं. फ्रीज, घडीची टेबलं, गाडीला लावायचा मांडव, रंगीत दिवे, आणि कॉफीचं यंत्र दोनदा लिहिलंय. हवा मोजायचं गेज नाही. फावडं नाही. चार पानांत भरती-ओहोटीचा तक्ता कुठेच नाही.

रागावू नको. बत्तीस वर्षं मी जीप चालवली, त्यातली निम्मी नदीनाल्यांतून. समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिला, पण वाळू मला कळते.

तू ज्या बेटावर जाणार आहेस त्याची माहिती काढली. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब आणि जवळजवळ सगळं वाळूचंच, जगातलं सगळ्यांत मोठं वाळूचं बेट. आधी फ्रेझर आयलंड म्हणायचे. २०२३ मध्ये तिथल्या मूळच्या बुचुल्ला लोकांनी दिलेलं K'gari हे जुनं नाव सरकारने परत लावलं. लिहिताना पुढे 'के' असला तरी उच्चार म्हणे 'गरी' असा होतो. मला गंमत वाटली. आपण गळ म्हणतो ना, त्याला कोकणात गरी म्हणतात. आमच्या ऑफिसात अलिबागकडचे एक कारकून होते, त्यांच्या तोंडून ऐकलेला शब्द. म्हणजे मासे धरायला तू नावाप्रमाणेच ठिकाण निवडलंस.

त्याच कारकुनांनी मला भरतीचा हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला पाणी भरलेलं. हे आपल्या कोकणच्या किनाऱ्याला लागू, तुझ्या क्वीन्सलँडला नाही. तिथं तिथल्याच तक्त्यावर चालायचं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. भरती रोज दोन घटका, म्हणजे पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. आणि अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त वर येतं, जास्त खालीही जातं.

आता हे तुझ्या बेताला लावून बघ. त्या बेटाच्या पूर्वेचा किनारा हाच रस्ता. नावातच पंचाहत्तर मैल आहेत, ताशी ८० ची मर्यादा आहे, छोटी विमानंसुद्धा त्याच वाळूवर उतरतात. पण हा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. ओहोटीची जी वेळ असेल तिच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, एवढाच रस्ता तुझा. शिवाय तिकडे जुलैत ऐन हिवाळा, पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे ओहोटी दुपारी चारला असली तर ती तुझ्या उपयोगाची नाही, अंधारात तंबू शोधत बसशील. सकाळी दहा-अकराची ओहोटी असलेला दिवस जाण्यासाठी धर. शुक्रवारी दहाला असली तर सोमवारी ती साडेबाराच्या आसपास जाईल, तेव्हा परतीची बार्जही (गाड्या पलीकडे नेणारी सपाट बोट) त्याच हिशेबाने. तू उलटं केलंस. आधी ऑफिसची रजा टाकलीस, मग समुद्राला त्यात बसवायला निघालास.

तुला गिरणेतली गोष्ट मी कधी सांगितली नाही. तुझ्या आईला अर्धीच माहीत आहे.

१९८७ चा मे महिना. तू व्हायचा होतास. पलीकडच्या गावी साहेबांना पोचवायचं होतं, पुलावरून गेलो तर बराच वळसा, आणि नदी कोरडी ठणठणीत. मी जीप पात्रात घातली. महिंद्राची डिझेल जीप, गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे, त्यातला एक ओढला की पुढची चाकंही ओढायला लागायची. त्या दांड्याचा मला फार गर्व. निम्म्या पात्रापर्यंत छान आलो. तिथं टरबुजाच्या वाड्यांजवळ वाळू एकदम मऊ झाली आणि गाडी बसली.

मग मी जे केलं ते सगळेच करतात. ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, मागे वाळूचे फवारे उडाले, साहेबांच्या पांढऱ्या सफारीवर बसले. जितकं दाबावं तितकी जीप खाली जाई. शेवटी ॲक्सल वाळूला टेकला. चारही चाकं फिरत होती आणि गाडी जणू पोटावर झोपलेली.

वाडीतून एक भोई आला. म्हातारा, अंगात नुसती बंडी. त्याने मला गाडी बंद करायला लावली, चाकाशी बसला, व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात घातली आणि बाभळीचा काटा आत दाबला. हवा सूं करून निघायला लागली. मी ओरडलो, "ओ बाबा, हवा काय काढता!" तो म्हणाला, "टायर पसरू दे." चारही चाकांची त्याने अंदाजानेच निम्मी हवा काढली. मग आम्ही तिघांनी (साहेबांनीसुद्धा) हातांनी चाकांपुढची वाळू उपसली आणि त्याच्या झोपडीच्या कुडाच्या पऱ्हाट्या काढून चाकांखाली घातल्या. मला म्हणे, गाडी हळू उचल, चाक फिरलं की पाय काढ. पहिल्यांदा वीतभर हलली. दुसऱ्यांदा हातभर. तिसऱ्यांदा निघाली.

तेवढ्यात म्हातारा पात्राच्या वरच्या अंगाला बघत म्हणाला, "पानी येई राह्यनं." धरणातून आवर्तन सुटलं होतं. आणि बापू, ते मला ठाऊक होतं. सकाळीच ऑफिसात ऐकलं होतं. मी मनात हिशेब केला होता की इथं पोचायला उद्याची सकाळ उजाडेल. त्याने मात्र आपलं इंजिन आणि पाइप दुपारीच काठावर नेऊन ठेवले होते.

आम्ही काठ चढलो आणि थोड्या वेळात ते आलं. पूर वगैरे नव्हे. वीतभर उंचीची एक मळकट कड, पुढे फेस, वाळकी पानं, लेंड्या, आणि त्या फेसाच्याही पुढे जीव घेऊन पळणारे किडे-नाकतोडे. कोरडी वाळू पाणी पिताना तव्यावर शिंतोडे पडल्यासारखी सुरसुर करत होती. पाणी चालत आलं, माणूस चालतो तितक्याच वेगाने. आमची जीप जिथं बसली होती तो खड्डा भरला, आणि बघता बघता त्याच्या कडा आत ढासळल्या. ओली झाल्यावर त्या वाळूने जीप सोडली नसती. मी हात धुवायच्या निमित्ताने बाजूला जाऊन बसलो, कारण पाय थरथरत होते.

तेव्हा ऐक. डांबरी रस्त्यावर ३५-३६ पौंड हवा ठेवत असशील तर वाळूवर उतरायच्या आधी, उतरल्यावर नव्हे, १८-२० वर आण. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, उंटाच्या पायासारखा. दिवाळीनंतर मेंढ्यांमागे उंट येतात आपल्या शिवारात, त्यांचा पाय आठव. फक्त हवा कमी असताना वेगात वळण घेऊ नको, टायर रिमवरून सुटतो. फोर बाय फोर आधीच लाव. कुणाच्या तरी जुन्या चाकोरीतून जा. थांबताना ब्रेक दाबू नको, गाडी आपोआप थांबू दे, म्हणजे चाकापुढे वाळूचा ढीग होत नाही. आणि परत डांबरीवर आलास की हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर लागेल, कॉफीच्या यंत्राच्या जागेत मावेल.

किनाऱ्यावर ओढे येऊन मिळतात. रात्रीत ते वाळू कापून सरळ कडा करून ठेवतात, आणि उन्हात सपाट वाळूवर तो कडा लांबून दिसत नाही. तिथं ८० ची परवानगी आहे म्हणून ८० ने जायलाच हवं असं नाही.

दोर ओढायची वेळ आली तर ट्रेलर अडकवायचा जो गोळा असतो, त्याला दोर कधी लावायचा नाही. तो गोळा झटक्याने तुटतो आणि तोफगोळ्यासारखा येतो, माणसं मेली आहेत त्याने. गाडीच्या चेसिसला जो पक्का हूक असतो त्यालाच लावायचा, आणि सूनबाई आणि नात दोराच्या लांबीपेक्षा दूर उभ्या पाहिजेत. हे मी दोनदा लिहिलंय असं समज.

आता मासे. तू म्हणतोस टेलर मासा मिळतो. हिवाळ्यात तो किनाऱ्याला येतो, तेव्हा तुझा महिना बरोबर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात इंडियन हेडपासून वॅडी पॉइंटपर्यंतच्या पट्ट्यात मासेमारी बंद असते, म्हणून रजा लांबली तर लक्षात ठेव. (इंडियन हेड म्हणजे आपलं कुणी नव्हे. १७७० मध्ये कॅप्टन कुकला तिथं मूळ रहिवासी दिसले, त्यांना त्याने इंडियन म्हटलं.) पस्तीस सेंटीमीटरच्या आतला टेलर सोडून द्यावा लागतो, पट्टी जवळ ठेव. आणि लांबवर गळ फेकायची हौस करू नको. आपण लहानपणी तापीवर जायचो तेव्हा तुला डोह दाखवायचो ना, पाण्याचा रंग जिथं गडद तिथं वाम, मरळ. तिथंही तसंच. वाळूचा उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट पट्टा असतो, वरून गडद दिसतो, लाटा त्यावर फुटत नाहीत. मासा तिथं फिरतो, पुष्कळदा तुझ्या पायांपासून वीस पावलांवर. ओहोटीला चढणीवर उभा राहून तो पट्टा बघून ठेव, आणि पाणी भरायला लागलं की तिथंच गळ टाक. स्वतः मात्र पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. तिथं ओढ जबरदस्त आहे, शार्क आहेत आणि वाचवायला कुणी नाही. तुझ्या आईचा निरोप याच जागी लिहायचा होता: "त्याले सांगा, पानीमा जावानं नही." नातीला पोहायचंच असेल तर आत गोड्या पाण्याचं तळं आहे, मॅकेन्झी नावाचं.

डिंगोचं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याचं, काय करणार आहेस ते यादीत नाही. दिसायला आपल्या गावातल्या पिवळ्या कुत्र्यासारखा, म्हणून नात हात लावायला धावेल. तिला हाताच्या अंतराबाहेर जाऊ देऊ नको. कुंपण असलेला कॅम्प मिळाला तर तोच घे. खाणं तंबूत नाही, गाडीत कुलपात. मासे तंबूजवळ साफ करायचे नाहीत, आतडी-काटे लांब नेऊन खोल पुरायचे. त्याला खायला घातलं तर जबर दंड आहे, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे तो माणसाला सोकावतो आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

तू लिहिलंस की तिथं गोवऱ्यांवर बट्टी भाजणार. विसर. दोन ठिकाणची ठरवून दिलेली चुलाणं सोडली तर बेटावर विस्तव पेटवायला बंदी आहे, आणि गोवऱ्या तू कुठून आणणार आहेस ते मला कळलं नाही. गॅसच्या शेगडीवर कळण्याची भाकरी कर, तेवढी सूनबाईला जमते, तुला जमायला हरकत नाही. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घे, मीठ पत्रा खातं. वाटेत १९३५ पासून वाळूत पडलेली माहेनो बोट लागेल, पहिलं महायुद्ध पाहिलेली. मीठ लोखंडाचं काय करतं ते तिच्याकडे बघून समजेल.

आता माझं काम. तक्ता मिळाला की त्याचा फोटो मला पाठव. इथं दिनदर्शिकेशेजारी टांगून ठेवतो. तुमचं घड्याळ आमच्या साडेचार तास पुढे, तेवढं मी वजा करीन. ओहोटीला फोन करू नको, तेव्हा तू गाडीवर असशील. भरतीला कर, तेव्हा तुला तंबूपाशी बसण्यावाचून दुसरं काम नसेल. रेंज नसली तर तसं आधी कळव, म्हणजे तुझी आई उगाच देवाला पाण्यात ठेवणार नाही.

तुझे,
नाना