एका स्टेशनावर उतरा, दुसऱ्यावर चढा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पावसाळी सहलींची ठिकाणं आली होती. प्रत्येकाखाली तीन गोष्टी होत्या: पुण्यापासूनचं अंतर, पार्किंगची सोय आणि जेवणाची सोय. जवळचं रेल्वे स्टेशन मात्र एकाही ठिकाणाखाली नव्हतं. भुशी धरणाखालीसुद्धा नाही. तिथं जुलैतल्या रविवारी गाडीत बसून जेवढा वेळ जातो, तेवढ्यात लोणावळा स्टेशनावरून धडधाकट माणूस पायी जाऊन भिजून परत येईल. म्हणून हे पत्र.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षं कालव्यावर गेली. गेल्या वर्षी मुलीकडे इंग्लंडमधल्या रेडिंगला तीन महिने राहिलो. मुलगी-जावई सकाळी कामाला जात आणि आम्ही दोघं खिडकीतून रस्ता बघत बसायचो. आठवडाभरात कंटाळून जावयाला विचारलं, इथं जवळपास कालवा आहे का? सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. पण कालवा होता, अगदी रेडिंगपासूनच. केनेट अँड एव्हन कॅनॉल, रेडिंग ते ब्रिस्टल 87 मैल, म्हणजे साधारण 140 किलोमीटर. त्यातले काही तुकडे नदीचे, बाकी खोदलेला कालवा. जॉन रेनी नावाच्या इंजिनिअरनं आखलेला, 1810 साली पूर्ण झालेला. शेतीला पाणी देण्यासाठी नव्हे हं, मालाच्या बोटींसाठी. बोट घोडा ओढायचा. घोड्याला चालायला काठानं वाट लागते, म्हणून कालव्याबरोबर वाटही आली. तिला टो-पाथ म्हणतात. घोडे गेले, वाट राहिली.

माझ्या पेशाच्या माणसाला गंमत वाटते ती पुढे. पाण्याला चढ चालत नाही आणि आगगाडीलाही फारसा चालत नाही. त्यामुळे कालवा आखणाऱ्यानं केनेट नदीचं खोरं धरलं आणि चाळीसेक वर्षांनी रेल्वेवाल्यांनीही तेच धरलं. थील, ऑल्डरमास्टन, थॅचम, न्यूबरी, किंटबरी, हंगरफर्ड, बेडविन ही स्टेशनं ओळीनं कालव्याच्या कडेला बसली आहेत. एका स्टेशनावर उतरायचं, पाण्याकडेनं चालायचं, दमलो की पुढच्या स्टेशनावर गाडी पकडायची. मोटार घेऊन गेलात तर ती उभी केलेल्या जागीच परत यावं लागतं, म्हणजे अर्धी चाल आधी पाहिलेल्या वाटेनं. आगगाडी तुम्हाला बांधून ठेवत नाही.

आमची पहिली चाल बेडविन ते हंगरफर्ड. आठेक किलोमीटर. त्याआधी उलट्या दिशेला अर्ध्या तासावरचं क्रॉफ्टनचं पंपघर बघितलं. कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्याला पाणी कमी पडायचं, म्हणून तिथं पाणी बारा मीटर उचलून सोडतात. रोजचं काम आता विजेचा पंप करतो, पण 1812 सालचं बोल्टन अँड वॅट कंपनीचं वाफेचं इंजिन मूळ जागेवर आहे आणि अजून तेच काम करू शकतं. मी आयुष्यभर उपसा सिंचनाच्या मोटारी जळलेल्या बघितल्या. त्या इंजिनापुढे बराच वेळ नुसता उभा राहिलो.

हंगरफर्डच्या अलीकडे कुरणात गाई चरत होत्या आणि तिथंच एक लॉक होतं. लॉक म्हणजे दोन दारांमधली दगडी खोली. बोट आत आली की मागचं दार बंद करून पाण्याची पातळी खाली-वर करायची. या लॉकवर आडवा फिरता पूल आहे, तो बाजूला सरकवल्याशिवाय बोट जात नाही. सत्तरीची एक बाई एकटी बोट घेऊन आली होती. टपावर लाकडाचे ओंडके आणि फुलांच्या कुंड्या. तिनं लोखंडी हँडलनं झडपा उघडल्या आणि दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून, दांड्याकडे न बघता, आमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत रेटत राहिली. दार हललं कधी ते कळलंच नाही. दोन्ही बाजूंची पातळी एक झाली की पाणी दाराला सोडतं, त्याआधी हत्ती लावला तरी हलत नाही. हे मी पुस्तकात शिकलो होतो, पाहिलं तिथं पहिल्यांदा.

दुसऱ्या खेपेला किंटबरीला अशाच एका लॉकच्या नादात तीन मिनिटांनी गाडी चुकली. पुढची तासाभरानं. स्टेशन पाण्याला लागूनच आहे. बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सौ. म्हणाल्या, गाडी चुकली ते बरंच झालं, नाहीतर डबा तसाच घरी गेला असता.

तिकडचं सगळं सोन्याचं, असं मला म्हणायचं नाही. हाच कालवा 1852 मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं विकत घेतला आणि हळूहळू मरू दिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो जागोजागी गाळानं भरून बंद पडला होता. लोकांनी वर्षानुवर्षं श्रमदान केलं, पैसे उभे केले, तेव्हा 1990 मध्ये राणीच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. वाटांचंही तसंच. 1949 च्या कायद्यापासून तिथल्या स्थानिक कारभाराला पायवाटांचे अधिकृत नकाशे ठेवावे लागतात. नकाशावर चढलेली वाट शेतमालकाला बुजवता येत नाही.

आता आपल्याकडे या. कालव्याच्या भरावावर सेवारस्ता असतोच, त्याशिवाय देखभाल होत नाही. तलाठ्याकडच्या गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. शिवरस्ते आहेत, पाणंदी आहेत. रेल्वे तर आहेच, एकेक स्टेशन इतकं जवळ की एकाच्या सिग्नलवरून दुसऱ्याचा दिवा दिसावा. नाही ते एवढंच, की या दोन गोष्टी जोडून कुणी सांगत नाही.

आणि सांगत नाही म्हणून लोक रुळांवरून चालतात. दूधसागरला पोचण्यासाठी रुळांवरून जाणाऱ्या पोरांना जुलै 2023 मध्ये रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. रुळांवर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार गुन्हा आहे आणि बोगद्यात गाडी आली तर शिक्षा करायला पोलीस लागत नाहीत. पोलिसांची बाजू बरोबर आहे. पण त्या पोरांना कुणी कायदेशीर वाट दाखवली होती का?

परत आल्यावर नोव्हेंबरात मी एका जुन्या पाटकऱ्याला घेऊन लोणी ते उरुळी चाललो. पुणे-दौंड गाडीनं लोणीला उतरलो आणि गाव ओलांडून दक्षिणेला रामदऱ्याच्या वाटेवर नवा मुठा उजवा कालवा गाठला. इथून पुढे उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला ऊस. काही ठिकाणी वेडी बाभूळ सेवारस्त्यावर आलेली, एक कालवा चौकी छप्पर उडालेली, भिंतीवर मोजणीदाराच्या हातचे आकडे अजून दिसतात. भरावावर मध्येच कालव्यातून चोरून पाणी ओढणाऱ्या काळ्या नळ्या अजगरासारख्या पडलेल्या. त्यांना डोंगळे म्हणतात. पाटकऱ्यानं एका नळीला काठी लावली, ‘‘साहेब, डोंगळे आपल्या वेळेपेक्षा जाड झालेत.’’ उरुळीला पोचायला साडेतीन तास लागले. सबंध चालीत जिवावरचा भाग एकच, सोलापूर रस्ता दोनदा ओलांडणं.

एक इशारा मात्र खात्याचा माणूस म्हणून देतो. सिमेंटचं अस्तर केलेल्या कालव्यात हातपाय धुवायलाही उतरू नये. उतारावर शेवाळ असतं आणि वाहत्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धरायला काही मिळत नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू असेल तर लहान मुलांना पाण्याच्या बाजूनं चालवू नये. 2018 च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ हाच कालवा फुटला तेव्हा काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. भरपावसातही ही चाल नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

माझी सूचना साधी आहे. पंधरवड्यातून एकदा एक स्तंभ द्या. उतरायचं स्टेशन, पुन्हा चढायचं स्टेशन, मधली वाट, लागणारा वेळ, परतीच्या शेवटच्या दोन गाड्या, पाणी आणि स्वच्छतागृह कुठे. यात स्वच्छतागृह पहिल्या ओळीत लिहा, कारण बायका सहलीला नाही म्हणतात त्याचं खरं कारण बहुधा तेच असतं. कर्जतकडच्या वाचकांना राजनाल्याच्या काठची भातखाचरं माहीत असतील. नीरा स्टेशनाच्या आसपासच्या कालव्यांविषयी तिथल्या लोकांनी लिहावं. ज्याला जी वाट पायाखालची आहे, त्यानं ती पाठवावी.

लोणी-उरुळीचा हातानं काढलेला नकाशा सोबत जोडला आहे. चौकी, मोऱ्या, चहाची टपरी, सगळं दाखवलं आहे. डोंगळे मुद्दाम दाखवलेले नाहीत, कारण त्याच वाटेनं मला पुन्हा जायचं आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
हडपसर, पुणे