यादीतलं आठवं नाव

पुणे, १२ जानेवारी

चि. सोनू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. मोबाइलवर वाचून समाधान होईना, म्हणून बाबांना कोपऱ्यावरच्या दुकानातून ती छापून आणायला लावली आणि दोन रात्री नीट वाचली. सात नावं, प्रत्येकापुढे त्याचं काम, खाली जागेचा नकाशा. ऑरेगनच्या पूर्व भागात, जॉन डे नदीच्या खोऱ्यात अकराशे एकरांचं रँच, म्हणजे गुरं चारायचं मोठं रान, त्यावर चौदा घरं, चार एकर भाजीपाला, चाळीस गाई आणि सगळ्यांची पोरं एकत्र वाढतील असं गाव. "आई, टीम बरोबर जमलीय ना?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी नुसतं "छान आहे" म्हणाले, कारण मागे तुझे मित्र ऐकत होते. आज सविस्तर लिहिते.

बेत मला मनापासून आवडला, हे आधी सांगते. पाणलोटाच्या कामात मी जवळजवळ तीस वर्षं पारनेर-संगमनेरकडच्या गावांत फिरले. तू शाळेत असताना आठवड्यातले चार दिवस मी घरी नसायचे. तेव्हाचं काही तुझ्या मनात राहिलं असेल आणि त्यातून हे उगवलं असेल, तर मला त्याचा आनंदच आहे. म्हणूनच यात जे खुपलं ते पोटात ठेवत नाही.

सातही माणसं गुणी आहेत. मातीचा अभ्यास केलेली ती मुलगी तर मला फारच आवडली. पण सातही जण पोर्टलंड आणि सिअ‍ॅटलचे. त्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, जन्मलेलं, तिथल्या थंडीत गुरं राखलेलं, तिथल्या कचेरीत ज्याला नावाने ओळखतात, असं एकही माणूस यादीत नाही. तू सांगितलंस की जागा बघायला गेलात तेव्हा खालच्या अंगाच्या रँचवरचे एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी उभे होते आणि तुम्ही गाडीतूनच हात करून पुढे गेलात. ते वाक्य मला रात्रभर टोचलं. गाडी थांबवायला हवी होती रे.

त्याच नदीच्या खोऱ्यात हे एकदा घडून गेलंय आणि त्याची सुरुवात आपल्या पुण्यातून झाली. मी तेव्हा अकरावीत होते. तुझे आजोबा कॅम्पात सायकली भाड्याने द्यायचे आणि कोरेगाव पार्कच्या आश्रमातले भगव्या कपड्यांतले परदेशी हे त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. १९८१ च्या जूनमध्ये रजनीश अमेरिकेला गेले आणि आश्रम रिकामा होत गेला. दुकानात सायकली दिवसचे दिवस ओळीने उभ्या राहू लागल्या, ते मला आजही दिसतं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या लोकांनी ऑरेगनमधलं बिग मडी रँच विकत घेतलं. सुमारे ६४ हजार एकर, ५७.५ लाख डॉलरला. अतिचराईने उघडीबोडकी झालेली जमीन होती ती. त्यांच्याकडे इंजिनिअर, वकील, आर्किटेक्ट, डॉक्टर, शेतीतले जाणकार, सगळे होते आणि राबायला हजारो हात होते. चार वर्षांत धरण झालं, ओढ्यांना बांध पडले, झाडं लागली, रस्ते, बससेवा आणि विमानांची धावपट्टीसुद्धा झाली. पुढे पाणलोटाच्या कामात आल्यावर मी हे वाचलं, तेव्हा त्यांच्या कामाच्या झपाट्याचा मला खरोखर हेवा वाटला होता.

पण ऑरेगनने १९७३ मध्येच जमीन वापराचा कायदा केला होता. शेतीची जमीन शेतीलाच, तिथे शहर बसायचं नाही. यांनी रँचवर शहराची नोंदणी करून घेतली आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. जवळच अँटिलोप नावाचं गाव, पन्नासच्या आसपास वस्ती, बहुतेक निवृत्त माणसं. मतांच्या जोरावर त्या गावाचा कारभार यांनी हातात घेतला, गावाचं नावसुद्धा बदललं. १९८४ मध्ये काउंटीची निवडणूक जिंकण्यासाठी या मंडळींतल्या काहींनी द डॅल्स शहरातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिसळला आणि ७५१ माणसं आजारी पडली. १९८५ सरता सरता सगळं मोडलं. गावकऱ्यांनी अँटिलोप हे नाव परत लावलं. त्या रँचवर आता ख्रिस्ती मुलांची शिबिरं भरतात.

तुम्ही तसले नाही हे मला ठाऊक आहे. पण त्या खोऱ्यातल्या साठी-सत्तरीच्या माणसांनी हे सगळं भोगलंय. बाहेरून आलेला, त्यातून भारतातला मुलगा "आम्ही इथे कम्युनिटी वसवतोय" म्हणाला, की त्यांच्या मनात पहिलं काय येईल? तो शब्द तिथे जपून वापर. फाटकाशी उभे असलेले ते गृहस्थ कदाचित हेच बघत होते की हे कोण आले.

माझ्या हातून झालेली चूक तुला कधी सांगितली नव्हती, आता सांगते. एका गावात आम्ही चराईबंदी केली. ग्रामसभा भरली, ठराव झाला, सह्या-अंगठे झाले, डोंगरावर समतल चर खोदले, रोपं लावली. मी खूश होते. मृग निघाला आणि धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकटचे त्यांचे तळ, कोकणातून परत आले. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन उतरतात आणि पावसाच्या तोंडावर वर येतात, हे मला माहीत होतं, पण सभेची तारीख धरताना ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पंधरा दिवसांत दोन चरांतली रोपं रात्रीतून साफ झाली आणि एका बांधाचे दगड उतारावर पसरलेले सापडले. समितीतली माणसं पोलिसांत जायचं म्हणत होती. मी वाड्यावर गेले. एक म्हातारे आजोबा घोंगडीवर बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, सभा झाली तवा आमी कोकणात. विचारलं कुणाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा आला, तो प्याले आणि तिथेच बसून राहिले.

मग पुन्हा सभा घेतली, त्यांच्या वेळेला. डोंगराचे तीन तुकडे केले, एक बंद, दोन मोकळे, दर काही वर्षांनी फिरवायचे. बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायला मोकळीक. आजोबांचा मुलगा समितीवर आला. आणि त्या आजोबांनीच आम्हाला दाखवलं की चैत्रातसुद्धा कुठल्या घळीत ओल टिकते. आमच्या नकाशावर ती घळ कोरडी म्हणून रंगवलेली होती. पुढे गावाची पिण्याची विहीर तिथेच निघाली.

आता कागदांबद्दल. मी गेला आठवडा ऑरेगनचे नियम वाचत बसले होते. तुमच्या जमिनीवर फक्त शेतीसाठी राखीव असा शिक्का आहे ना? मग अशा चराऊ जमिनीची नवी वाटणी करायची तर एक तुकडा किमान १६० एकरांचा लागतो. अकराशेला एकशेसाठाने भागून बघ, सहाच तुकडे पडतात, आणि प्रत्येक घराची परवानगी पुन्हा वेगळी. चौदा घरं आणायची कुठून? तुमच्या आर्किटेक्टने घरं सुरेख काढली आहेत, पण तिने पेन्सिल उचलायच्या आधी कुणीतरी काउंटीच्या नियोजन कचेरीत जाऊन बसायला हवं होतं. अजून वेळ गेलेली नाही. इसार देण्याआधी जमीन आणि पाणी या दोन्हींची प्रॅक्टिस करणारा तिथलाच वकील धरा. महाग पडला तरी धरा.

पाण्याचं तर मला जास्त वाटतं. घरगुती वापराला विहिरीतून दिवसाला १५,००० गॅलनपर्यंत परवान्याशिवाय उपसता येतं, म्हणजे साधारण ५७ हजार लिटर. पिण्या-वापरायला ते भरपूर झालं. पण बागेला त्यातून फक्त अर्धा एकर, तीही विक्रीसाठी नाही. तुमचा चार एकर भाजीपाला बाजारात जायचा, त्याला पाण्याचा रीतसर हक्क लागेल. तिथे १९०९ च्या कायद्यापासून हिशेब असा की ज्याचा हक्क जुना त्याचं पाणी पहिलं. उन्हाळ्यात ओढा आटला की वॉटरमास्टर, म्हणजे पाणीवाटप बघणारा सरकारी अधिकारी, येतो आणि सगळ्यात नव्या तारखेच्या हक्कापासून बंद करत जातो. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरेवर फड पद्धत होती, तिथे टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची, पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या पीक राखायचा. ऑरेगनमध्ये शेवटी आलेला पहिल्यांदा कोरडा राहतो. त्यात सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जाऊ शकतो. विकणारा म्हणतो हक्क आहे. पण नदीकाठचं ते कुरण गेल्या पाच वर्षांत खरंच भिजवलं गेलंय का? हे कागदावर कळणार नाही. ते खालच्या रँचवरचे गृहस्थ एका वाक्यात सांगतील, आणि बहुधा त्यांच्याच हक्काची तारीख तुमच्याहून जुनी असेल.

पाऊसही वेगळा आहे. तिकडे वर्षाला २५०-३०० मिलिमीटर, आपल्या पारनेरपेक्षाही कमी, आणि तोही बराचसा हिवाळ्यात. गवत वसंतात येतं आणि उन्हाळा लागताच वाळून कोरडं होतं. चीटग्रास म्हणतात ते तर सगळ्यात आधी वाळतं आणि भडकन पेटतं. हिवाळ्यात बर्फाखाली चारा नाही, म्हणजे चाळीस गाईंना प्रत्येकी दिवसाला दहा-बारा किलो वाळलं गवत, चार-पाच महिने. हा हिशेब तुमच्या कागदात कुठेच दिसला नाही. एक हिवाळा गाई सांभाळलेला माणूस टीममध्ये असता तर त्याने पहिल्या पानावर तो लिहिला असता. पहिल्या वर्षी गाई घेऊच नका असं मला वाटतं. चराऊ रान दुसऱ्याला भाड्याने द्या आणि तो काय करतो ते त्याच्याबरोबर राहून बघा. हिवरे बाजारला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद आधी मांडतात आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात, तू लहानपणी माझ्याबरोबर तिथे आला होतास. तसंच गवताचं करा.

पूर्व ऑरेगनमध्ये रँचवाल्यांच्या स्वयंसेवी संघटना आहेत, वणवा विझवायला स्वतःचे पाण्याचे ट्रक घेऊन जातात. तुमच्या भागात असेल तर जमीन तुमच्या नावावर झाल्याबरोबर तुम्ही दोघा-तिघांनी तिथे नाव घाला, प्रशिक्षण घ्या. दुसऱ्याच्या रानातली आग विझवायला जो रात्री दोनला उठून येतो, त्याला मग कुणी बाहेरचा म्हणत नाही.

पैशांचं थोडक्यात लिहिते. सातांपैकी कुणी सोडून जायचं म्हटलं तर त्याचा वाटा कोण, किती वर्षांत, कुठल्या भावाने घेणार, हे आजच लिहून काढा, सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे तोवर. लग्न मोडतं, आई-वडील आजारी पडतात, माणसं जातात. आणि जमा-खर्च दर महिन्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. आमच्या बचत गटात वही वाचायचा मान निरक्षर बाईच्या सुनेला असायचा, आणि सासू पुढ्यात बसून प्रत्येक आकडा ऐकायची. दहा रुपयांचा खडूसुद्धा वाचला जायचा. ज्या गटांत ते वाचन थांबलं, ते गट दोन वर्षांत मोडले.

तर पुढच्या शनिवारी एकटा जा. मित्रांना नेऊ नकोस, नकाशाही नेऊ नकोस. त्या फाटकाशी गाडी थांबव, उतर, नाव सांग, कुठला ते सांग, आणि विचार की हे रँच विकत घेणाऱ्याने काय माहीत करून घ्यायला हवं. त्यांनी आत बोलावलं तर जा. नाही बोलावलं तर पंधरा दिवसांनी पुन्हा जा. त्यांनी सांगितलेल्यातलं पटणार नाही तेही वहीत लिही. ते टीममध्ये येणार नाहीत कदाचित, त्यांना यायचंही नसेल. पण यादीत आठवी ओळ मोकळी ठेव आणि त्यांच्याकडून आल्याशिवाय तिथे काही लिहू नकोस.

मावशीचा मुलगा तीस तारखेला निघतोय. त्याच्याबरोबर तिळगूळ, मेतकूट आणि माझा जुना पर्जन्यमापक पाठवते आहे. काचेचं माप कापडात गुंडाळलंय, सांभाळून काढ. जागा तुमची झाली तर छपरापासून आणि झाडांपासून लांब, मोकळ्यावर लाव. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, एकही दिवस न चुकता. बर्फ पडला तर आत आणून वितळू दे आणि मग मोज. सोबतच्या वहीत मी दोन रकाने आखून दिले आहेत. डावीकडे तुमचा पाऊस, उजवीकडे खालच्या रँचवरचा. तो त्यांना विचारून भर.

बाबांचे आशीर्वाद. जेवण वेळेवर घेत जा.

तुझी
आई