व्हॅलेन्सियाहून आई-बाबांना

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. सर्दी केव्हाच गेली. ऑफिसात उशीर झाला तर मैत्रिणीच्या सोबतीने घरी येते, तेव्हा बाबांनी माझ्या मेसेजसाठी जागत बसू नये.

आई, फोटोतली ती माणसं भर दुपारी कशाला जमली होती विचारलंस ना? इथे स्पेनमध्ये नवऱ्याने किंवा आधीच्या जोडीदाराने बाईचा जीव घेतला की नगरपालिकेसमोर लोक जमतात, बहुतेक वेळा दुपारी बाराला. नगरसेवक, कारकून, भाजीची पिशवी घेतलेल्या आज्या, सगळे मिनिटभर गप्प उभे राहतात. घोषणा नाहीत. आणि मग चक्क टाळ्या वाजतात! मला पहिल्यांदा ते सहनच होईना. पण गेलेल्या माणसाला निरोप द्यायची इथली ती रीत आहे. टाळ्या थांबल्या की जो तो कामाला.

‘असल्या देशात तू राहतेस’ असं लगेच म्हणू नकोस. इथे २००३ पासून सरकार अशा प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवतं, म्हणून तो डोळ्यांसमोर येतो. २००४ च्या कायद्याने या खटल्यांसाठी वेगळी कोर्टं आली. ०१६ ही हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते आणि तिचा फोन बिलात दिसत नाही. मोबाइलमधली नोंद तेवढी आपणच पुसायची. पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी समाजसेवा विभागाच्या अहवालावर मदत मिळू शकते.

मला सारखी कळव्याची ताई आठवते. गौरीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ती डाव्या हाताने वाढत होती आणि उजवा पदराखाली होता. आत्या म्हणाली, बाथरूममध्ये घसरली. आई, तुलाही ते पटलं नव्हतं. बैठक घेऊन ‘मिटवलं’, पण मार थांबला का?

आपल्याकडेही घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे. एफआयआर न करता ती त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. फ्लॅट सासूच्या नावावर असला तरी ती तिथे नांदतेय, तिला असंच बाहेर काढता येत नाही. ठाण्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. कायदा आहे, माणसं कमी पडतात. संरक्षण अधिकाऱ्याचं काम कितीतरी ठिकाणी दुसरं टेबल सांभाळणाऱ्याच्याच गळ्यात असतं. त्या खुर्चीवर पूर्णवेळ माणूस हवा, रात्री आसरा हवा, आणि ‘घरचं भांडण आहे’ म्हणून तिला परत पाठवणारं कुणी नको.

तिचा फोन जावई तपासतात. म्हणून १८१ या महिला हेल्पलाइनला तिने तुझ्या फोनवरून बोलावं. आत्ता मारहाण चालू असेल तर सरळ ११२. बाबा, तुम्ही तिच्याबरोबर जा. मीच गेले असते, पण इतक्या लांबून नुसतं सांगणं होतं, त्याचा फार त्रास होतो.

या महिन्यात थोडे जास्त पैसे पाठवलेत. सोसायटीचा हप्ता भरून उरतील ते ताईच्या हातात द्या, आत्याकडे नको. बाबांचं मोतीबिंदूचं पुढे ढकलू नका, त्याचे वेगळे पाठवते.

डोंबिवलीचं स्थळ मी नाकारलेलं नाही. डिसेंबरमध्ये आले की भेटेन, पण आधी दोघंच बोलू. तोवर त्यांना शब्द देऊ नका. आणि ताईचं काय झालं ते रविवारी मला नीट सांगा, ‘सगळं ठीक’ एवढंच नको.

तुमची,
धाकटी